माणसं बोलतात ते ऐकवा

शाळेतून घरी येईपर्यंत माझ्या घशात आवाज उरलेला नसतो. सातवी-आठवीला मराठी आणि इतिहास शिकवायचा, मधल्या सुट्टीत मैदानावर ओरडायचं, शेवटच्या तासाला मोबाइलवर कसली कसली माहिती भरायची आणि मग नांदेडच्या उन्हातून स्कूटीवर घर गाठायचं. घरी आल्यावर कुणाशी चकार शब्द बोलू नये असं वाटतं. पण आमच्या घरात गेली काही वर्षं एक शब्द बोलायचा म्हणजे तो पुन्हा पुन्हा बोलावा लागे आणि शेवटी ओरडून सांगावा लागे.

कारण माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येतं. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. मामा गेल्यावर आत्या उदगीरहून आमच्याकडं राहायला आल्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि चिडल्या की तोंडात कानडी. उदगीरला मामांचं किराणा दुकान होतं, पण मामा बाजारात गप्पा मारत फिरायचे आणि दुकान खरं तर आत्याच चालवायच्या. आमच्याकडं आल्यावर त्यांना चालवायला काही उरलं नाही, ही त्यांची खरी अडचण होती असं मला फार दिवस वाटत होतं.

कानाचं मशीन आम्ही घेतलं होतं. रीतसर तपासणी करून, कानाचं माप देऊन घेतलं होतं. आत्यांनी ते थोडे दिवस घातलं आणि काढून ठेवलं. त्यांचं म्हणणं, यात माणसापेक्षा भांडं मोठ्यानं बोलतं. पातेल्यावर झाकण पडलं की त्या दचकायच्या आणि मी काय बोलले ते मात्र कळायचं नाही ते नाहीच. तेव्हापासून ते मशीन त्यांच्या लोखंडी कपाटात लग्नाच्या शालूशेजारी असतं. कुणाच्या लग्नकार्याला निघालं की शालूबरोबर तेही बाहेर येतं आणि परत आल्यावर शालूबरोबर घडी होऊन आत जातं.

राहिला टीव्ही. संध्याकाळी त्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर सतरंजी टाकून बसायच्या. इतक्या जवळ बसू नका, डोळे जातील, असं आम्ही सगळे सांगून थकलो. त्या जवळही बसायच्या आणि आवाजही मोठा ठेवायच्या. शेजारचे काका एकदा खिडकीतून म्हणाले की तुमच्या मालिकेत पुढं काय झालं ते मला माहीत असतं, टीव्ही लावायची गरजच नाही. ते हसत म्हणाले, पण हसण्यासारखं त्यात त्यांना काही वाटत नसावं. आणि मी दिवसभराच्या गोंगाटातून येऊन त्या मोठ्या आवाजात कणीक मळत राहायची.

मग गेल्या हिवाळ्यात आत्या टीव्हीसमोरूनही उठायला लागल्या. दिवेलागण झाली की आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसून राहायच्या. मुलगी बारावीच्या क्लाससाठी लातूरला वसतिगृहात, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत आपापल्या मोबाइलमध्ये आणि त्या आत. एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, मला उदगीरला सोडा. तिथं त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी, आमच्याच तिथल्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहते. नवऱ्यानं विषय टाळला. त्यांनी तो पुढच्या आठवड्यात पुन्हा काढला, आणि त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी काढत राहिल्या.

आम्हाला ते कळेना. एक तर मावशी स्वतःच गुडघ्यांनी हैराण, एकमेकींना उठवायला कुणी नाही. आणि दुसरं म्हणजे आत्यांनी मावशीशी फोनवर बोलणं कधीच सोडलं होतं. मावशीचा फोन आला की त्या माझ्या हातात द्यायच्या, तूच बोल म्हणून. दोघींचं काहीतरी बिनसलंय असं आम्ही धरूनच चाललो होतो. जिच्याशी फोनवर बोलायचं नाही, तिच्याकडं राहायला कशाला जायचं? नवरा त्या दिवसांत नीट जेवत नव्हता. आई आपल्याला सोडून निघाली, हे त्याच्या तोंडून निघायचं नाही, पण चेहऱ्यावर दिसायचं. मला विचाराल तर मी इतकी थकलेली होते की घर थोडं शांत होईल असंही एकदा वाटून गेलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

टीव्हीला रिसीव्हर जोडायची कल्पना नवऱ्याची. ती त्याच्या मनात किती वर्षांपासून होती हे मला ठाऊक आहे, कारण रोज रात्री मोबाइलवर कुठला तरी माणूस काळे डबे उघडून त्यांच्या पाठीवरची भोकं दाखवत असतो आणि हा ते भक्तिभावानं बघतो. आतापर्यंत त्याला कारण सापडत नव्हतं. आता कारण सापडलं. आईसाठी घ्यायचं. मी म्हटलं, आईला ऐकू येत नाही आणि तू घरात सिनेमाचं थिएटर आणणार. तेव्हा त्यानं मला शांतपणे समजावलं, आणि कबूल करते की त्याचं म्हणणं मला पटलं. टीव्हीच्या मागून सगळा आवाज एकत्र खिचडी होऊन येतो, तो म्हणाला. संगीत, गाड्या, पाऊस आणि त्यातच माणसाचं बोलणं. रिसीव्हर म्हणजे तो आवाज वेगळा वेगळा करून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारं यंत्र. त्यात मधला एक स्पीकर असतो, त्यातून मुख्यतः बोलणंच येतं. बाकीचे आहेत तसे ठेवून तो एकटा वाढवता येतो. आईला शब्द कळले तर ती बसेल आपल्यात, उदगीरचं नाव काढणार नाही. एवढं सगळं तो एका दमात बोलला. मी म्हटलं, चला.

नांदेडच्या दोन-तीन दुकानांत टीव्हीखाली ठेवायच्या स्पीकरच्या लांब पट्ट्याच होत्या. तशीही मुलीला भेटायला लातूरची फेरी होतेच. त्या रविवारी धपाट्यांचा डबा घेऊन निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आम्ही दोघं पुढं बसून पाच स्पीकर चांगले की सात यावर वाद घालत होतो आणि आत्या मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत गप्प. गाडीत त्या कधीच बोलत नाहीत. काही विचारलं तरी उत्तर नाही. त्यांना गाडी लागते असं आम्ही ठरवून टाकलं होतं आणि दर वेळी त्यांच्या हातात आवळ्याची सुपारी द्यायचो. त्या ती मुकाट्यानं चघळायच्या.

लातूरच्या दुकानाचा जिना अरुंद आणि उभा होता. म्हणून आत्यांना नातीजवळ वसतिगृहात सोडलं आणि ज्यांच्यासाठी घ्यायचं त्यांना न नेताच आम्ही घ्यायला गेलो. वर एक अंधारी खोली, भिंतींना लाल गालिचे ठोकलेले, समोर हा मोठा पडदा. दुकानदार उत्साही माणूस होता. त्यानं आम्हाला बसवलं आणि काही न विचारता हेलिकॉप्टर सुरू केलं. ते डोक्यावरून गेलं, मागं गेलं, परत आलं. मग गोळीबार झाला. मग एक पूल कोसळला तेव्हा माझ्या खुर्चीचे पाय थरथरले. "मॅडम, धमक बघा," तो अभिमानानं म्हणाला. इकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक धमकच मागतं, अख्ख्या गल्लीला कळलं पाहिजे म्हणतं, असं त्यानं सांगितलं.

मी म्हटलं, "यात माणसं बोलतात ते ऐकवा."

त्याला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा सांगितलं, साधं बोलणं, दोन माणसं घरात बसून बोलतात तसं काहीतरी. त्यानं पेनड्राइव्ह धुंडाळला. मोटारींची शर्यत निघाली, वादळ निघालं, अजस्र प्राणी निघाला, पण बोलणारं माणूस एकही निघेना. मला इतक्या थकव्यातही हसू आलं. शेवटी त्यानं बातम्यांचं चॅनल लावलं. तिथं चार जण एकाच वेळी एकमेकांवर ओरडत होते. पण त्यानं मधला स्पीकर वाढवून दाखवला तेव्हा त्या कल्लोळातही प्रत्येकाचा शब्द सुटा सुटा ऐकू यायला लागला. मी डोळे मिटून ऐकलं. नवरा माझ्याकडं बघत होता. मी मान हलवली आणि त्याला केवढा आनंद झाला.

त्यानंतर दुकानदारानं आम्हाला वर चढवायला सुरुवात केली. सात घ्या, नऊ घ्या, छतात दोन बसवा, पाऊस अगदी वरून पडल्यासारखा वाटतो. मी म्हटलं, आमचा स्लॅब गळतो, आमच्याकडं पाऊस वरूनच पडतो. तेव्हा कुठं तो थांबला. पाच स्पीकर, धमकेचा, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा, एक डबा आणि तो काळा जड रिसीव्हर, एवढ्यावर सौदा मिटला. परतीच्या वाटेवर खोकं मागच्या सीटवर आत्यांच्या शेजारी बसलं. त्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, त्यावर आपली पिशवी ठेवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

जोडणीचं काम नवऱ्यानं स्वतः केलं. सेट-टॉप बॉक्सची वायर रिसीव्हरमध्ये, तिथून चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरला. त्या खोक्यात एक छोटा माइकही होता. जिथं बसून ऐकणार त्या जागी, कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून आवाज काढतो आणि माइकनं टिपलेलं ऐकून आपलं आपण माप जमवून घेतो. घर तेवढा वेळ अगदी शांत पाहिजे. पंखे बंद केले, फ्रिज बंद केला, कुकर उतरवला, बोअरची मोटार थांबवली. आणि माइक ठेवला सोफ्याच्या बरोबर मध्यावर, दोन उशा आणि त्यावर डाळीचा स्टीलचा डबा रचून.

आता आमच्या घरात सोफ्यावर कुणीच बसत नाही. आमच्याकडं सोफा पाहुण्यांचा असतो. त्यावर चांगलं कव्हर असतं, ते मळू नये म्हणून वर एक चादर असते, आणि पाहुण्यांची गाडी दारात दिसली की ती चादर काढायची. आम्ही दिवाणावर नाहीतर खाली. पण चांगली वस्तू घरात आली म्हटल्यावर तिचं तोंड सोफ्याकडं असणार हे आम्हाला इतकं साहजिक वाटलं की दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात दुसरा विचार आला नाही. रिसीव्हर टुईं-टुईं असे आवाज काढत होता तेव्हा आत्या मेथीची जुडी आणि ताट घेऊन आल्या, नेहमीच्या जागी खाली बसल्या आणि ताट फरशीवर ठेवलं. खणकन आवाज झाला आणि पडद्यावर चूक झाल्याची सूचना आली. नवरा हातवारे करायला लागला. त्यांना ते टुईं-टुईं ऐकूच आलं नव्हतं. त्यांना आत पाठवून पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि यंत्रानं न येणाऱ्या पाहुण्याच्या कानाचं माप घेतलं.

तरी आवाज सुंदर लागला. पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते आणि मालिकेतला शब्द न् शब्द मला ऐकू येत होता, तोही बेताच्या आवाजात. मला एकदम हलकं वाटलं. आत्यांना आग्रहानं बाहेर आणलं होतं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग मधल्या स्पीकरकडं बघितलं, मग पुन्हा टीव्हीकडं, आणि कपाळाला आठ्या घालून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं मधला स्पीकर आणखी वाढवला, रात्रीसाठी म्हणून जी सोय असते ती चालू केली, धमकेचा डबा बंद केला. आत्या म्हणाल्या की आधी थोडं तरी कळायचं, आता काहीच कळंना झालंय.

नवऱ्याचा चेहरा पडला. आवाज नीट आहे हे आम्हाला ऐकू येत होतं. मग कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मोठ्या आणि स्वच्छ आवाजात पूर्वीपेक्षा कमी कळावं, हे कसं? आईला ते आवडायचंच नाही, तिचं मन आता इथं नाही, असं तो म्हणायला लागला. आणि रोजच्या रोज मला नवीन ताप. तीन रिमोट झाले होते. कुठलं तरी एक बटण चुकलं की चित्र यायचं आणि आवाज जायचा, नाहीतर आवाज यायचा आणि पडदा निळा. टीव्ही लावायला आता दोन शिकलेली माणसं लागायची. त्यातच आत्यांनी आपल्या लुगड्यांची पिशवी भरून दाराशी आणून ठेवली आणि येत्या बुधवारी मला सोडून या म्हणून सांगितलं. या वेळी त्यांचा आवाज विचारल्यासारखा नव्हता.

त्या आठवड्यातल्या रविवारी नवरा एकटाच डबा घेऊन लातूरला गेला. दुपारी मी दिवाणावर पेपर तपासत बसले होते. आत्या बातम्या लावून आपल्या जागी बसल्या होत्या, पण बघत होत्या असं नाही. एकदा पडद्याकडं, एकदा हातातल्या पदराकडं. मला त्या दिवशी राहवलं नाही. मी लाल पेन खाली ठेवला आणि खेकसूनच विचारलं की एवढं आणलंय तुमच्यासाठी, बिघडलंय काय त्यात? त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा मला पुन्हा विचारावं लागलं.

त्या म्हणाल्या, "आवाज झ्याक हाय गं. पर हिचं तोंड बघ की."

बातम्या देणाऱ्या मुलीचं तोंड मी दिवाणावरून बघितलं. मला काही वेगळं दिसलं नाही. आत्यांनी शेजारची सतरंजी हातानं थोपटली. मी उठून त्यांच्याजवळ, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले. तिथून त्या मुलीचा चेहरा माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठा दिसत होता. मी तिच्या ओठांकडं बघत राहिले आणि मग हळूहळू लक्षात आलं. ती 'पाणी' म्हणाली की 'पा' आधी ऐकू यायचा आणि ओठ त्यानंतर मिटायचे. फरक डोळ्याची पापणी लवावी एवढाच. पण एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

"आवाज आधीच येऊन बसायलाय," आत्या म्हणाल्या. "तोंड मागून हालायलंय."

मी रिसीव्हरचं पुस्तक काढलं. बरीच पानं उलटल्यावर सापडलं. हल्लीचे टीव्ही चित्र गुळगुळीत करून दाखवण्यात वेळ घेतात, तोवर रिसीव्हरमधून आवाज पुढं निघून गेलेला असतो. त्यासाठी आवाज थोडा मागं ओढायची सोय दिलेली होती. मी पडद्यावर ती जागा उघडली आणि रिमोटचं बटण दाबत गेले. नेमकं कुठं थांबायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी आत्यांकडं बघत होते. त्या पुढं वाकून त्या मुलीचे ओठ बघत होत्या आणि मागं येणाऱ्या ट्रकला इशारा द्यावा तसा हात हलवत होत्या, येऊ दे, अजून येऊ दे. एकदा हात मागं झाला, जास्त झालं म्हणून. मग तळवा सरळ उभा राहिला. "बसलं आता," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी मी त्यांचा चेहरा असा सैल झालेला बघितला.

मी चहा करायला उठले, गॅसवर पाणी ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, आत्या, चहा टाकू का? नेहमीप्रमाणं उत्तर नाही. पुन्हा ओरडायचं माझ्या जिवावर आलं. मी परत बाहेर गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि घशातून आवाज काढायचाही इतका कंटाळा आला होता की नुसते ओठ हलवले. चहा टाकू का?

"अर्धा कपच टाक," आत्या म्हणाल्या.

मी तिथंच उभी राहिले. मग मुद्दाम, पुन्हा आवाज न काढता विचारलं, साखर घालू? त्यांनी मान हलवून नको म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, आणि आपण पकडले गेलो हे त्यांना कळलं. त्या थोडं हसल्या आणि पदर सारखा करायला लागल्या.

गॅसवर पाणी उकळून आटून गेलं तरी मी बाहेरच होते. मला एकेक आठवत होतं. गाडीत आम्ही दोघं पुढं तोंड करून बोलतो. त्यांना गाडी लागत नव्हती, त्यांना आमची डोकी फक्त मागून दिसत होती. फोनमध्ये मावशीचे ओठ नसतात. करोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधली गेली तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या होत्या आणि त्यांनी धसका घेतलाय असं आम्ही म्हणालो होतो. दाक्षिणात्य सिनेमे मराठीत आणून दाखवतात ते लागले की त्या उठून जायच्या, कारण तिथं ओठ एका भाषेत आणि आवाज दुसऱ्याच भाषेत. आणि टीव्हीच्या इतक्या जवळ बसण्यामागं डोळ्यांचा काही संबंध नव्हता. इतकी वर्षं एका घरात राहून आम्हाला यातलं काहीही कळलं नव्हतं.

केव्हापासून, मी त्यांना समोर बसून विचारलं. दुकानात बसायच्या तेव्हापासून, त्या म्हणाल्या. मामा होते तेव्हाच कान जायला लागले होते, नुसता आवाज यायचा, शब्द ओठांवरून धरावे लागायचे. पण गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं, त्याच्या तोंडाकडं बघितलं की झालं. मराठी असो, कानडी असो, शेरभर डाळ मागताना तोंड कसं होतं ते त्यांना पाठ होतं. मग आम्हाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"म्हातारीला ऐकूच येत न्हाई म्हणलं की मान्सं बोलायचंच सोडतेत," त्या म्हणाल्या. "अर्धं ऐकू येतंय म्हणलं तर वरडून का व्हयना, बोलतेत."

मला रडू आलं. ते थकव्याचं होतं की त्यांच्यासाठी होतं, हे ठरवायच्या भानगडीत मी पडले नाही. चहा दुसऱ्यांदा टाकला, आणि आम्ही दोघींनी तो टीव्ही बंद करून घेतला.

दिवस मावळायच्या आत नवरा आला. तो चपला काढत असतानाच मी त्याला सगळं सांगितलं. आई ओठ वाचते, गेली कित्येक वर्षं वाचते, आणि आपल्या नव्या यंत्रानं नेमकं तेच बिघडवलं होतं, असं मी सांगितलं. तो ऐकत होता, पण मी आवाज मागं ओढल्याचं बोलले तिथं त्याचं लक्ष अडकलं. तो सरळ रिसीव्हरजवळ गेला, पुस्तक उघडलं, पडद्यावरचा आकडा बघितला आणि खूश झाला. म्हणजे यंत्रात दोष नव्हताच, टीव्हीच मागं पडत होता, असं तो वायरी चाचपत बोलत राहिला. आता माइक आईच्या जागेवर ठेवून पुन्हा माप घेऊ, तेवढं राहिलंय, असंही म्हणाला. मग तसाच, टीव्हीखालच्या कपाटात डोकं घातलेलं ठेवून, तो मोठ्यानं म्हणाला की आता तर सगळं जुळलं, आता आई कामून जायलीय उदगीरला?

आत्या त्याच्या पाठीकडं बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, काय म्हणायलाय त्यो? मी त्यांच्याकडं तोंड करून, हळू, त्याचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

त्या रागावलेल्या नव्हत्या.

"तुझी मावशी सारा दिवस माझ्यापुढं बसून बोलती," त्या त्याच्या पाठीला म्हणाल्या. "हितं टीव्हीतली मान्सं तेवढी माझ्याकडं तोंड करून बोलतेत."

नवऱ्यानं वायर सोडली. मग तो उठला, आला आणि सतरंजीवर, टीव्ही आणि आई यांच्या मध्ये, मांडी घालून बसला. वर्षानुवर्षं तो आईशी ओरडूनच बोलत आलेला. त्या दिवशी तो इतक्या हळू बोलला की शेजारी उभी असून मलाही जेमतेम ऐकू आलं. "आई, जाऊ नको."

आत्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं, मी त्यांचे डोळे बघत होते. तो परत म्हणाला, आणि मग कुणी न सांगता आणखी एकदा.